पांढऱ्या डागांच्या 'ट्रायल'मध्ये माझे ३७,८०० रुपये गेले. पैसे भरून 'खऱ्या औषधाच्या ग्रुप'मध्ये टाकतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा

आधी कामाचं सांगते, कारण अर्धे लोक खालपर्यंत वाचणार नाहीत. औषधाच्या ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नसतात. औषध फुकट, रक्ताच्या तपासण्या फुकट, बहुतेक ठिकाणी तर येण्याजाण्याचं भाडंसुद्धा तेच देतात. ट्रायल म्हणून कोणी फी मागितली की तिथून उठायचं, बास. हे मला आज माहीत आहे, जूनमध्ये नव्हतं, आणि आमच्या गावात सरपंचापासून मास्तरापर्यंत कोणालाच नव्हतं, त्यामुळे मलाच कोणी शहाणपण शिकवू नये.

मी अंगणवाडीत आहे, यवतमाळ-वर्धा पट्ट्यात, नाव लिहीत नाही. माझ्या बोटांच्या टोकांवर आणि ओठाच्या कोपऱ्यावर कोड आहे, बऱ्याच वर्षांपासून. पोरांना खिचडी वाढणारे हात आहेत हे, सगळ्यांना दिसतात. एका पोराची माय तोंडावर म्हणाली, "म्याडम, तुमी नोका वाढू, मदतनीस बाईले वाढू द्या." कोड लागत नाही, शरीराचीच प्रतिकारशक्ती कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशी मारते म्हणून डाग पडतात, हे मी सांगून सांगून थकली. पण आमच्याकडे कुष्ठरोगाचे सर्व्हे एवढे झाले आहेत की पांढरा चट्टा दिसला की लोकांच्या डोक्यात तेच येते. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला बधिरपणा असतो, माझ्या डागाला चिमटा घेतला तर चांगला दुखतो. कोण ऐकते? आधी बावचीचं तेल लावून उन्हात बसली होती, फोड आले ते वेगळेच. हे सगळं यासाठी सांगून राहिली की मी लालचेपायी गेली नाही, कंटाळून गेली.

२५ जूनला जागतिक व्हिटिलिगो दिन, म्हणजे कोडाचा दिवस, असतो. खराच असतो. त्याच दिवशी तालुक्याच्या मंगल कार्यालयात शिबिर होतं, मोठं बॅनर, 'कोड निर्मूलन क्लिनिकल रिसर्च, मर्यादित जागा'. पांढरे कोट, वजनकाटा, बीपीचं मशीन, आणि एक निळसर लाइटचा टॉर्च. खोलीतला उजेड बंद करून तो टॉर्च माझ्या बोटांवर धरला तर डाग चुन्यासारखे चमकायला लागले, आणि साध्या उजेडात कधीच न दिसलेला एक डाग मनगटावरही दिसला. आता सांगा, हे पाहून कोणाला वाटणार नाही की माणसं शिकलेली आहेत? तो टॉर्च खरा असतो, स्किनचे डॉक्टर वापरतात. ऑनलाइन कोणीही मागवू शकते हे मला नंतर कळलं.

मग मोबाइलवर बातमी दाखवली, अमेरिकेत कोडाच्या क्रीमला मान्यता मिळाली म्हणून. तीही खरी! रुक्सोलिटिनिब नावाचं क्रीम आहे, २०२२ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधांना परवानगी देणारं सरकारी खातं) मान्यता दिली, बारा वर्षांच्या वरच्यांसाठी. हे लोक खोट्यात खरं असं कालवतात की कोणी अर्धवट शोधलं तरी खरंच निघते. "त्याच औषधाची इंडियातली ट्रायल आपल्या तालुक्यात, सहा महिन्यांत शंभर टक्के रिझल्ट." त्या क्रीमच्या खऱ्या ट्रायलमध्ये काय झालं ते नणंदेच्या मुलाने मला नंतर वाचून दाखवलं, तो नागपूरला बी.फार्म करतो. २४ आठवडे दिवसातून दोनदा क्रीम लावून चेहऱ्याचे डाग पाऊण हिश्श्याने भरले असे लोक शंभरात साधारण तीस. नुसतं बिनऔषधी क्रीम लावलेल्यांत सात ते अकरा. आणि ते चेहऱ्याचं, बोटांचं नाही. एवढ्या मोठ्या औषधाचे शंभरात तीस, आणि हे मंगल कार्यालयात बसून शंभर टक्के वाटत होते.

पैशाचा हिशोब लिहिते, कारण प्रत्येक जण हेच विचारते. नोंदणी आणि 'एथिक्स फी' २,५००. रक्ततपासणी १,८००. विम्याचं डिपॉझिट ६,००० (म्हणे परत मिळणार). हे सगळं नगदी. मग १८,५०० आणि नंतर 'दुसऱ्या फेज'चे ९,००० यूपीआयने. एकूण ३७,८००. पेरणीचे दिवस, घरात पैसा नाही, मागच्या कापसाचा चुकारा बियाणं-खतात गेलेला, म्हणून बचत गटातून शेकडा दोन रुपयांनी उचलले. ते मी अजून फेडून राहिली आहे.

आता ते १८,५००. रात्री झोप लागत नाही ती याच्यापायी.

शिबिरातल्या एका पोराने टेबलावर दोन चिठ्ठ्या ठेवल्या, मी एक उचलली, त्यावर 'बी'. तोंड पाडून म्हणाला, "ताई, तुमचं नशीब पाहा, बी मंदी आलं. बी मंदी नुसती साधी क्रीम राह्यते, औषध नाई. ए मंदी खरं औषध. पण तुमी अंगणवाडीच्या ताई, लोकाईची सेवा करता, १८,५०० भरले त मी सरांले बोलून तुमाले ए मंदी टाकून देतो." मी विचारलंसुद्धा, "मंग बाकीच्याईले माहीत पडत नाही का, आपल्याले नुसती क्रीम देल्ली म्हणून?" तो हसून म्हणाला, "सगळं कम्प्युटरात राह्यते ताई." इथे, अगदी इथे मी उठायला पाहिजे होतं. प्रश्न माझ्याच तोंडातून निघाला होता बाप्पा, उत्तर मिळालं नव्हतं, आणि तरी मी मोबाइल काढला!

दोन ग्रुप खऱ्या ट्रायलमध्येही असतात, एकाला औषध, एकाला साधं क्रीम किंवा जुनं औषध. पण अशा साध्या क्रीमच्या ट्रायलमध्ये बहुतेक वेळा कोणाला काय मिळालं ते पेशंटला माहीत नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नसते, ट्यूबवर नुसता सांकेतिक नंबर असतो. कारण माहीत असलं तर पेशंटला उगाच बरं वाटते, डॉक्टरलाही उगाच फरक दिसते, मग औषधाची परीक्षाच होत नाही. म्हणजे ज्याला ट्रायल करायची आहे तो माणूस ग्रुप विकूच शकत नाही. पण हे आम्हाला कोणी, कधी, कुठे सांगितलं? दहावी-बारावीच्या पुस्तकात आहे का? आशाताईंच्या ट्रेनिंगमध्ये आहे का? पेपरात 'ट्रायल' हा शब्द आम्ही कोरोनाच्या लसीच्या वेळी वाचला, तेवढाच. आणि हो, पैसे ज्याच्या नावावर गेले तो एका माणसाचा नंबर होता, संस्थेचं नाव आलंच नाही. स्क्रीनवर आलेलं नाव वाचत जा, पिन टाकायच्या आधी.

ट्यूब मिळाल्या, पांढऱ्या, वर इंग्रजीत 'ट्रायल सॅम्पल, विक्रीसाठी नाही' असं स्टिकर आणि पेनाने लिहिलेला नंबर. लावायला सुरुवात केली आणि ओठाजवळ खरंच थोडा रंग आला. म्हणून तर ९,००० दिले! म्हणून तर जाऊबाईला सांगितलं, तिच्या तेरा वर्षांच्या पोराच्या गालावर डाग आहे, तिने २२,८०० भरले. शेजारच्या काकूंनी ४,३०० देऊन सोडलं, त्या वाचल्या. मग माझ्या ओठाच्या बाजूची कातडी पातळ झाली, लाल बारीक शिरा दिसायला लागल्या, पुरळ, बारीक लव. फोन केला तर "औषध काम करून राह्यलं ताई", मग स्विच ऑफ.

नणंदेच्या मुलाने ट्यूब हातात घेतली, स्टिकरचा कोपरा नखाने उचलला, गरम पाण्याचा फडका ठेवला आणि सगळं स्टिकर अख्खं निघून आलं. खाली मेडिकलमध्ये मिळणारी साधी ट्यूब. क्लोबेटासॉल, ०.०५ टक्के. जबर स्टेरॉइड आहे ते. कोडात डॉक्टर देतातही, पण थोडे दिवस, तपासत तपासत, महिनोन्महिने चेहऱ्यावर नाही, आणि लहान पोराच्या गालावर तर नाहीच नाही. म्हणून फरक दिसला होता. फॉर्मवर 'सीटीआरआय' म्हणजे ट्रायलच्या नोंदवहीतला नंबर छापलेला होता, तोही त्याने टाकून पाहिला, गुडघेदुखीच्या कुठल्या तरी अभ्यासाचा निघाला. ही नोंदवही सरकारी आहे, आयसीएमआर (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद) चालवते, २००९ पासून भारतातल्या प्रत्येक औषधाच्या ट्रायलची नोंद तिथे सक्तीची आहे, कोणीही फुकट पाहू शकते. त्यात आजार कोणता, औषध कोणतं, कोणत्या दवाखान्यात चालू आहे, मुख्य डॉक्टर कोण, सगळं लिहिलेलं असते. नंबर आहे म्हणून विश्वास ठेवू नका, नंबर उघडून आपल्या जागेचं नाव त्यात आहे का ते पाहा.

संमतीचा कागद इंग्रजीत एक पान होता. तो आपल्या भाषेत, समजेल असा असायला पाहिजे, त्याची प्रत आपल्याला मिळायला पाहिजे, आणि ट्रायलमुळे त्रास झाला तर इलाज फुकट करून देणं त्यांच्यावर आहे. हे सगळं ट्रायलच्या २०१९ च्या सरकारी नियमांत आहे. विम्याचं डिपॉझिट पेशंटने भरायचं? शक्यच नाही.

आता ऑफिसांचं ऐका. १९३० ला, म्हणजे ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, लागला, चांगलं बोलले, पण म्हणाले नगदीचं आमच्याकडे येत नाही आणि यूपीआयचे पैसे खात्यातून कधीच निघून गेले, तुम्ही उशीर केला. खरं आहे, तिथे पहिल्या काही तासांत फोन केला तरच पैसे अडवता येतात, हे लक्षात ठेवा. पोलीस ठाण्यात गेलो तर जमादार म्हणतात, "ताई, पैसे तुमीच देल्ले ना? कोनं बंदूक लावली काय?" सगळ्या लोकांसमोर. एफआयआर नाही, नुसता अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारायलाही भांडावं लागलं. औषधवाल्या सरकारी ऑफिसात जिल्ह्याला गेलो तर म्हणे बिल आणा, बिलाशिवाय ट्यूब घेता येत नाही. फसवणारा बिल देते का साहेब? मी म्हटलं, कोड बरा करतो अशी जाहिरात करणं हाच औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यातल्या आजारांच्या यादीत कोडाचं नाव आहे, बॅनरचा फोटो माझ्याजवळ आहे, तर म्हणाले साहेब टूरवर आहेत. आरोग्य केंद्रातले डॉक्टर म्हणाले शिबिराची आम्हाला कल्पना नाही. कल्पना नाही? पोषण ट्रॅकरमध्ये (अंगणवाडीचं सरकारी ॲप) एका पोराचं वजन भरायचं राहिलं तर मला संध्याकाळपर्यंत फोन येते, आणि तालुक्याच्या मधोमध, बॅनर लावून, शेकडो माणसांचं रक्त काढलं जाते तर कोणत्याच ऑफिसला कल्पना नाही? कार्यालयवाला म्हणे मी हॉल भाड्याने दिला. ज्यांनी फीत कापली ते म्हणे आम्हाला बोलावलं म्हणून गेलो. सगळे सुटले, मी आणि जाऊबाई तेवढ्या गावात 'पैसे बुडवून आल्या' म्हणून चर्चेत.

ठाण्यात घेत नसतील तर तक्रार लेखी, रजिस्टर पोस्टाने एसपी साहेबांना पाठवता येते, कायद्यात तशी सोय आहे. आम्ही पाठवली, पोचपावती आली, पुढे अजून काही नाही. अर्ज घेतला म्हणजे गुन्हा नोंदला असं समजू नका, एफआयआरची कॉपी मागा, ती फुकट मिळते.

आता जाऊबाईच्या पोराला सेवाग्रामला स्किनच्या ओपीडीत नेतो, मीही तिथेच दाखवलं. तिथल्या मॅडमनी सरळ सांगितलं की रंग परत येतो तो केसांच्या मुळांतून, आधी केसाभोवती बारीक तपकिरी टिपके येतात आणि ते पसरत जातात. बोटांच्या टोकांवर केसच नसतात, ओठावर नसतात, म्हणून तिथे रंग येणं लय कठीण. पोराच्या गालाचं मात्र जमू शकते, त्याला मलम आणि लाइटचा इलाज सुरू केला आहे. माझ्या बोटांबद्दल कोणी आधीच एवढं खरं बोललं असतं तर मी त्या टेबलापर्यंत गेली नसती.

जाऊबाईजवळ एक ट्यूब स्टिकरसकट शिल्लक आहे, आम्ही ती मुद्दाम उघडली नाही. या पट्ट्यात अजून कोणी पैसे भरले असतील तर ट्यूब फेकू नका, स्टिकर काढू नका, पावती नसेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि बॅनरचा फोटो जपून ठेवा. आणि तोंडाला लावत असाल तर एकदम बंदही करू नका, त्याने भडकते, आधी स्किनच्या डॉक्टरला दाखवा. पुढच्या सोमवारी आम्ही सगळे मिळून एसपी ऑफिसला जाणार आहोत, ज्यांना यायचं आहे त्यांनी आपली तक्रार लिहून सोबत घ्यावी, दोन प्रतींत.