तुर्भ्याचं मसाला मार्केट, जांभळी नाका की पाकीट: सुकं खोबरं कुठून आणि कोणतं घ्यावं

सुक्या खोबऱ्यात आपण पैसे मोजतो ते तेलाचे. नीट वाळलेल्या खोबऱ्यात साधारण ६५ टक्के तेल असतं आणि पाणी जेमतेम ६-७ टक्के. वाटणाचा दाटपणा, चटणीचा खमंगपणा त्या तेलामुळे येतो, आणि माल खवट होतो तोही त्या तेलामुळेच. म्हणून ठाणे-नवी मुंबईत मिळणारे खोबऱ्याचे प्रकार आम्ही एकाच कसोटीवर तोलतो: आत तेल किती आहे आणि ते किती ताजं आहे.

या कसोटीवर गोटा सगळ्यात सरस. पक्का नारळ सोडणासह, म्हणजे बाहेरच्या काथ्यासकट, न फोडता माळ्यावर आठ ते बारा महिने ठेवतात. आतलं पाणी आटतं, खोबरं करवंटीपासून सुटतं आणि नारळ हलवला की गडगडतं. मग करवंटी फोडून अख्खा गोळा काढतात. आपल्याकडच्या दुकानांत 'टिपटूर' म्हणून विकला जातो तो हाच, कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्याचा. वाळणं सावकाश झालेलं असतं आणि काळी पाठ शाबूत असते, त्यामुळे आतल्या तेलाला हवा कमी लागते.

गोट्याची खोड एकच, पण मोठी: बुरशी असली तर ती आत पोकळीत असते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणून किलोभर घ्यायचं असेल तर त्याच पोत्यातला एक गोटा दुकानदाराला समोर फोडायला सांगा. फोडलेला गोटा तुम्हीच विकत घेणार आहात, तेव्हा संकोचाचं कारण नाही. आवाज कडक आला आणि आत पांढरंशुभ्र नव्हे, तर किंचित पिवळसर, तेलकट चमक दिसली की माल चांगला. चिवट होऊन वाकला, तर ओल राहिलीय. असा माल पावसाळ्यात आठवडाभरही टिकणार नाही. आत पिवळी-हिरवी बुरशी दिसली, तर तेवढा भाग खरवडून वापरू नये. त्या बुरशीचं विष भाजूनही जात नाही. सगळा गोटा टाकायचा.

वाटी खोबरं दुसऱ्या क्रमांकावर. नारळ दोन भाग करून उन्हात किंवा भट्टीवर वाळवतात. आतली बाजू डोळ्यांसमोर असते, ही सोय. पण उघडा पृष्ठभाग जास्त, म्हणून खवटही लवकर होतं. फार पांढरीफेक वाटी दिसली तर भुलू नका, नाकाशी धरा. माल पांढरा राहावा, बुरशी धरू नये म्हणून गंधकाची धुरी देण्याची पद्धत आहे, आणि तिचा नाकात चढणारा आंबूस वास लपत नाही. धुरकट वास आला तर खोबरं धुरावर वाळवलंय; काळ्या मसाल्यात ते चालेल, करंजीत नाही.

पाकिटातला तयार किस आम्ही घेऊ नये म्हणतो. किसलं की प्रत्येक कणाला हवा लागते आणि तेल बिघडायला सुरुवात होते. पाकिटावरची तारीख पुढची असली तरी चिमूटभर चावून घशाशी खवखवलं तर माल गेलेला आहे. डेसिकेटेड कोकोनटची गोष्ट निराळी. ते ओल्या खोबऱ्याची काळी पाठ काढून, किसून, वाळवून करतात. लाडू, बर्फी, बिस्किटांवर छान, पण रश्श्याच्या वाटणात घातलं तर भुशासारखं लागतं. कमी तेलाचं मिळतं ते तर मिठायांपुरतंच.

आता कुठून. मसाला मार्केटला सगळे 'वाशी मार्केट' म्हणतात, पण ते तुर्भ्यात, सेक्टर १९ मध्ये, एपीएमसीच्या, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या, आवारात आहे. ठाण्याहून वाशी लोकलने तुर्भे किंवा सानपाड्याला उतरून रिक्षा करावी. घाऊक गाळ्यांवर पोत्याचा व्यवहार चालतो. किलो-दोन किलोसाठी किरकोळ विकणारी दुकानं गाठायची. मालाची उलाढाल मोठी असल्याने पोतं फार दिवस पडून राहत नाही, हा खरा फायदा. भावातली बचत भाड्यात जाते, म्हणून एकट्या खोबऱ्यासाठी ही फेरी नको. एप्रिल-मे महिन्यात धने, मिरची, तीळ यांच्यासोबतच करावी. ठाणेकरांना दोन-चार गोट्यांसाठी जांभळी नाका पुरेसा आहे, स्टेशनवरून चालत जाता येतं. तिथे वास घेऊन, निवडून घेता येतं. मोबाइलवरून मागवलेलं खोबरं दहा मिनिटांत दारात येतं, पण ते फोडून बघायची सोय नसते.

भावाबद्दल एक मोजमाप हाताशी असू द्या. २०२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने गोटा खोबऱ्याचा हमीभाव क्विंटलला १२,१०० रुपये ठरवला होता, म्हणजे किलोला १२१. तेव्हा किरकोळीत कोणी त्याच्या आसपास देऊ लागला, तर माल जुना आहे का ते आधी बघा.

घरी आणल्यावर गोटे कोरड्या फडक्याने पुसून दोन दिवस कडक ऊन दाखवायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरायचं. गरम भरलं तर झाकणाला घाम येतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं, त्या दिवसांत डबा सरळ फ्रीजमध्ये. २४ अंशांच्या खाली खोबरेल गोठतं, त्यामुळे फ्रीजमधला गोटा किसायलाही सोपा जातो: किस मोकळा, सुटसुटीत पडतो. मे महिन्यात ओट्यावर ठेवलेला गोटा किसला तर किस चिकट होतो. किसून ठेवायचंच असेल तर पंधरा दिवसांपुरतं, आणि तेही फ्रीजरमध्ये.

भाजताना घाई नको. १०० ग्रॅम किस, जाड बुडाची कढई, मंद आच, पाच-सहा मिनिटं, हात सतत चालू. हवा तो रंग यायच्या जरा आधीच परातीत काढा, कारण तापलेल्या कढईत तो पुढे भाजतच राहतो आणि करपला की रस्सा कडू. कांद्यासोबत एकत्र भाजू नये. कांद्याच्या पाण्यात खोबरं वाफवतं, खमंग होत नाही. चार माणसांच्या रश्श्याला दोन मध्यम कांदे आणि ५० ग्रॅम खोबरं पुरतं. खानदेशी काळ्या वाटणाला मात्र किस नको: वाटीच चिमट्यात धरून गॅसवर बाहेरून काळी होईतो भाजायची, मग तुकडे करायचे.

लसणाच्या चटणीला १०० ग्रॅम भाजलेला किस, अर्धी वाटी सोललेला लसूण, तीन चहाचे चमचे तिखट, सव्वा चमचा मीठ. लसूण थेंबभर तेलात कडा सोनेरी होईपर्यंत परतायचा. त्यातली ओल राहिली तर चटणी चार दिवसांत वास मारते. सगळं गार झाल्यावर मिक्सरमध्ये आधी लसूण-तिखट-मीठ, किस शेवटी, आणि बटण थांबून थांबून दाबायचं. सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो. तसं झालंच तर मूठभर भाजलेले दाणे घालून एकदा फिरवा, चटणी पुन्हा मोकळी होते.

खोबऱ्याचं तेल खवट होतं, म्हणून गोडा मसालाही थोडा थोडा करावा. पाव किलो धन्यांना १०० ग्रॅम खोबरं घातलं, तर तो तीन महिन्यांत संपवायचा. वर्षाचा करायचा असेल तर बाकीचा मसाला खोबऱ्याविना कुटून ठेवा आणि भाजलेलं खोबरं लागेल तसं मिसळत जा.