तांबड्या आणि निळ्या शाईची दिनदर्शिका

गेल्या नाताळाच्या सुमारास पुण्यातील एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून मी २०२६ ची ही भिंतीवरची दिनदर्शिका १२० रुपयांना घेतली. प्रकाशकाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे दाखवलेल्या चुका मी त्यांना पत्राने कळवल्या आहेत आणि सुधारण्याची संधी त्यांना मिळायला हवी. हिचे वेगळेपण असे की भस्म बुधवार, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर), नाताळ असे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वर्षातील दिवस हिच्यात तांबड्या शाईने छापले आहेत, तर वल्हांडण (इजिप्तमधील गुलामगिरीतून सुटकेच्या आठवणीचा सण), बेखमीर भाकरीचा सण, सप्तकांचा सण, कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण हे पवित्र शास्त्रातील लेवीय या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायातील यहूदी दिवस निळ्या शाईने. प्रत्येक पानाच्या तळाशी त्या महिन्यातील दिवसांविषयी आठ-दहा ओळींचे टिपण आहे. कागद चकचकीत नसल्याने पेन्सिलीने लिहिता येते आणि चौकटी दुधाचा हिशेब मांडण्याइतक्या मोठ्या आहेत. छपाईबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

निळी शाई आपल्या मंडळ्यांमध्ये सहसा दिसत नाही. आपण पवित्र शास्त्रात वल्हांडणाविषयी वाचतो, प्रभुभोजनाच्या वेळी त्याचा उल्लेखही ऐकतो, परंतु तो यंदा कोणत्या वारी आहे हे विचारले तर शंभरातील नव्वद जणांना सांगता येणार नाही, आणि मलाही ही दिनदर्शिका घेईपर्यंत सांगता आले नसते. त्यामुळे तारखा छापण्याचा उद्योग मुळातच उपयोगाचा आहे. प्रश्न पुढचा आहे: ती तारीख कळल्यावर ख्रिस्ती माणसाने तिचे करायचे काय?

एप्रिलच्या पानावर या प्रश्नाचे उत्तर फार चांगले दिले आहे. यंदा वल्हांडण, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार एकाच आठवड्यात, २, ३ आणि ५ एप्रिलला येतात. टिपणात पौलाने करिंथकरांस लिहिलेले वचन आधाराला घेतले आहे, ज्यात तो ख्रिस्ताला आपला वल्हांडणाचा यज्ञपशू म्हणतो आणि जुने खमीर काढून टाकण्यास सांगतो. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या वृत्तान्तात शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन आहे, तर योहानाच्या वृत्तान्तात येशूला वधस्तंभावर दिले तो दिवस वल्हांडणाच्या तयारीचा आहे, हा फरकही लेखकाने लपवलेला नाही आणि ओढूनताणून मिटवलेलाही नाही. दिनदर्शिकेच्या तळातील आठ ओळींकडून याहून जास्त अपेक्षा करता येत नाही.

दोन्ही सण दरवर्षी असे शेजारी का नसतात, याचा खुलासाही तेथेच आहे आणि तो मराठी वाचकाला लगेच पटेल असा आहे. यहूदी पंचांग आपल्या पंचांगासारखे चांद्रमासांवर चालते आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी त्यातही १९ वर्षांत सात अधिक महिने घालावे लागतात. उलट मंडळीने इ.स. ३२५ मध्ये भरलेल्या निकीया येथील धर्मपरिषदेनंतर पुनरुत्थानाचा रविवार यहूदी गणनेपासून वेगळा केला. पाश्चात्त्य मंडळ्या २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार धरतात. म्हणूनच २०२४ मध्ये आपला सण ३१ मार्चला झाला आणि वल्हांडण मात्र २३ एप्रिलला आला.

मात्र याच पानावर सर्वांत मोठी चूकही आहे, आणि ती सर्व निळ्या तारखांत पसरली आहे. पवित्र शास्त्रानुसार दिवस सूर्यास्तापासून सूर्यास्तापर्यंत मोजतात, त्यामुळे २ एप्रिलला छापलेला वल्हांडण १ एप्रिलच्या संध्याकाळीच सुरू होतो. दिनदर्शिकेत याचा कोठेही उल्लेख नाही. ही बाब किरकोळ समजू नये. संध्याकाळपासून दिवस मोजला की माडीवरील खोलीतील भोजन, गेथशेमाने बागेतील रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा वधस्तंभ हे सारे एकाच दिवसात बसते. आपण गुरुवारची उपासना व शुक्रवारची उपासना असे दोन भाग पाडतो, परंतु शिष्यांच्या दृष्टीने तो एकच दिवस होता. निळ्या शाईत एवढे एक वाक्य छापले असते, तर या दिनदर्शिकेची किंमत माझ्या लेखी दुप्पट झाली असती.

मे महिन्याचे पान मला मनापासून आवडले. सप्तकांचा सण २२ तारखेला, शुक्रवारी, आणि पन्नासाव्या दिवसाचा (पेंटेकॉस्टचा) रविवार २४ तारखेला आहे. दोन दिवसांचे हे अंतर कशामुळे पडते, म्हणजे कोणत्या शब्बाथानंतर (शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस, एरवी शनिवार) पन्नास दिवस मोजायचे याविषयी प्राचीन यहूदी पंथांतच कसा मतभेद होता, हे थोडक्यात आले आहे. वल्हांडणाला खमीर वर्ज्य, पण सप्तकांच्या सणाला मात्र खमीर घातलेल्या दोन भाकरी अर्पण करायच्या, ही लेवीयमधील गोष्टही टिपणात आहे. उणीव एकच जाणवली. पहिल्या पेंढीच्या अर्पणाचे आणि पौलाने ख्रिस्ताला दिलेल्या ‘प्रथमफळ’ या नावाचे विवेचन करताना लेखकाला आपल्याच भूमीतील सण आठवले नाहीत. गोव्यातील कॅथलिक ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त करतात; मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो आणि भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणल्या जातात; आपल्या मंडळ्यांतही कापणीच्या सणाला धान्याच्या पाट्या वेदीपुढे येतात. पेंढीचा अर्थ मराठी ख्रिस्ती माणसाला ग्रंथ न उघडताही कळतो, तो याच वाटेने.

सप्टेंबरमध्ये मात्र या दिनदर्शिकेचा तोल जातो. १२ तारखेला ‘यहूदी नववर्ष’ एवढेच छापले आहे. लेवीयमध्ये तो सातव्या महिन्याचा पहिला दिवस आहे, कर्णे वाजवण्याचा, आणि निर्गम या पुस्तकात वर्षाचा पहिला महिना वल्हांडणाचा सांगितला आहे; म्हणजे येथे पवित्र शास्त्रातील नाव गाळून नंतरच्या काळातील नाव तेवढे ठेवले आहे. २१ तारखेच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाखाली तर ‘प्रत्येक विश्वासणाऱ्याने उपवास करावा’ असा आदेशच आहे. एप्रिलमध्ये जो लेखक सण समजून घ्या म्हणतो, तोच येथे पाळा म्हणतो. ज्याला उपवास करायचा त्याने जरूर करावा. रोमकरांस पत्रात एकाने एक दिवस विशेष मानावा व दुसऱ्याने सगळे दिवस सारखे मानावे याला मोकळीक आहेच. परंतु सण, अमावास्या आणि शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये असे कलस्सैकरांस स्पष्ट लिहिलेले असताना आणि ख्रिस्ताने एकदाच व कायमचे अर्पण केले हे इब्री लोकांस पत्राचे सारे प्रतिपादन असताना, दिनदर्शिकेने ‘प्रत्येक’ हा शब्द वापरायला नको होता. शिवाय ‘प्रत्येक’ म्हणायचेच, तर त्याच अध्यायात सर्वांच्या आधी सांगितलेला शब्बाथ का सोडला? शनिवारच्या चौकटी बारा महिने कोऱ्या आहेत. औंधच्या स्पायसर विद्यापीठामुळे पुण्याला परिचित असलेले सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट ख्रिस्ती शनिवारीच उपासनेला जमतात, हे येथल्या प्रकाशकाला तरी ठाऊक असायला हवे.

मांडवांच्या सणाच्या पानावर झालरी लावलेल्या लग्नमंडपाचे चित्र छापले आहे, ते पाहून हसू आवरत नाही. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघालेल्या लोकांनी ज्या डहाळ्यांच्या आडोशाला दिवस काढले त्याची ती आठवण आहे. दसरा-दिवाळीनंतर अहिल्यानगर जिल्ह्यात उसाच्या फडाशेजारी तोडणी कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात; त्यांतील एका कोपीचे छायाचित्र अधिक योग्य ठरले असते. वल्हांडणाला पुनरुत्थानाच्या सणाचा आणि सप्तकांना पन्नासाव्या दिवसाचा जोड मिळाला, पण मांडवांच्या सणाला मंडळीच्या वर्षात जागाच मिळाली नाही. त्याच सणाच्या शेवटच्या दिवशी येशूने तान्हेल्यांना आपल्याकडे बोलावले, असे योहान सांगतो. या विषयावर टिपणात एकही ओळ नाही.

मागच्या पानावर कोकणातील बेने इस्राएल या यहूदी समाजाने या सणांना दिलेली मराठी नावे आहेत: नव्याचा सण (नववर्ष), दारफळणीचा सण (प्रायश्चित्ताचा दिवस), अनशी ढाकाचा सण (वल्हांडण). शब्बाथाला घाणा बंद ठेवणाऱ्या या तेल्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, हेही दिले आहे. हे पान भिंतीकडे तोंड करून टांगले जाते, ही मांडणीतील चूक. मी ते कापून वेगळे लावले आहे.

१२० रुपयांत ही दिनदर्शिका अवश्य घ्यावी, मात्र निळ्या तारखांच्या आदल्या चौकटीत ‘सायंकाळपासून’ असे स्वतः लिहून ठेवावे. पुढील वर्षी पुनरुत्थानाचा रविवार २८ मार्चला आणि वल्हांडण २२ एप्रिलला आहे. दोन्ही शाया वेगवेगळ्या पानांवर गेल्यावर टिपण काय म्हणते हे पाहण्यासाठी मी २०२७ ची प्रत मागवून ठेवणार आहे.