आइसगेटपासून गेटपासपर्यंत: न्हावा शेवाच्या सीमाशुल्क सेवेचं परीक्षण

निकाल आधीच देऊन टाकू. न्हावा शेवा बंदरातून आयात माल सोडवण्याची सरकारी साखळी, म्हणजे आइसगेट हे सीमाशुल्काचं पोर्टल, ई-संचित (कागद ऑनलाइन चढवायची सोय), फेसलेस असेसमेंट (समोरासमोर न येता होणारी शुल्क-आकारणी) आणि डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी (थेट बंदरातून माल उचलणं), कागदाच्या बाजूने आज खरोखर चांगली आहे. कागद संपून चाकं फिरायची वेळ आली की ती मध्यम ठरते. पाचपैकी गुण द्यायचे तर पोर्टलला चार, इतर खात्यांच्या ना-हरकतीला अडीच, आणि गेटवरच्या वाहतुकीला दोन. पण ही सेवा वापरणाऱ्याच्या तयारीवर फार अवलंबून आहे. एकाच जहाजातून उतरलेल्या दोन कंटेनरपैकी एक दोन दिवसांत चाकणला लागतो आणि दुसरा आठवडाभर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, भाडं चढवत पडून राहतो.

केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ दरवर्षी माल सुटायला लागणारा वेळ मोजतं. २०२३च्या मोजणीत बंदरांवर आयात माल सुटायला सरासरी ८५ तास ४२ मिनिटं लागली. राष्ट्रीय व्यापार सुलभीकरण आराखड्यातलं उद्दिष्ट ४८ तासांचं आहे. ज्या मालाची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, जहाज येण्याआधी भरलेली असते, कोणता माल तपासायचा ते ठरवणारी जोखीम प्रणाली ज्याला तपासणीशिवाय सोडते आणि ज्याचा आयातदार एईओ (सीमाशुल्क खात्याने विश्वासार्ह ठरवलेला व्यापारी) दर्जाचा असतो, तो माल या सरासरीपेक्षा बराच लवकर सुटतो. तिसरी गोष्ट मिळवायला वेळ लागतो आणि दुसरी आपल्या हातात अर्धीच असते. पहिली मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि लहान आयातदार नेमकी तीच सोडतात.

२०२१च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क कायद्याचं कलम ४६ बदललं. तेव्हापासून जहाज लागण्याच्या आदल्या दिवसअखेर बिल ऑफ एंट्री भरलेली असावी लागते, आणि सुट्टीचा दिवसही यात धरला जातो. श्रीलंका, बांगलादेशासारख्या जवळच्या फेऱ्यांना जहाज येण्याच्या दिवसापर्यंत मुभा आहे. अपेक्षित आगमनाच्या ३० दिवस आधीपासून बिल भरता येतं, म्हणजे शांघायहून जहाज निघाल्यावर बिल ऑफ लेडिंग (शिपिंग लाइनची माल चढवल्याची पावती) हातात आलं की थांबायचं काही कारण उरत नाही. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये. पाच दिवस उशीर झाला की ३५,००० रुपये गेले, मग कंटेनरमध्ये दोन लाखांचा माल असो की दोन कोटींचा. सबळ कारण असेल तर अधिकारी हा आकार माफ करू शकतात, पण पुरवठादाराने कागद उशिरा पाठवले हे कारण सहसा चालत नाही.

शुल्क भरण्याचं गणित याहून वेगळं आहे. उशिराला वार्षिक १५ टक्के व्याज लागतं. दहा लाखांच्या शुल्कावर ते दिवसाला सुमारे ४११ रुपये होतं. रक्कम छोटी वाटते म्हणून बरेच जण खेळतं भांडवल अडकू नये यासाठी शुल्क शेवटपर्यंत थांबवतात. पण शुल्क भरल्याशिवाय आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडण्याचा सीमाशुल्काचा आदेश, निघत नाही, आणि त्या दोन दिवसांत टर्मिनलचं भाडं आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार) व्याजाच्या कितीतरी पुढे जातं. १ एप्रिल २०२३पासून पैसे इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमधून, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायच्या ऑनलाइन खात्यातून, जातात. सुरुवातीच्या दिवसांत या लेजरने इतका त्रास दिला की मंडळाला त्या काळापुरतं व्याज माफ करावं लागलं. आता ते बरंच स्थिरावलं आहे. तरी रक्कम आदल्या दिवशीच लेजरमध्ये टाकून ठेवलेली बरी, कारण बँकेचा एनईएफटी अडकला तर ऐन वेळी आइसगेटच्या मदतकक्षाला काही करता येत नाही.

ई-संचित हा या साखळीतला सर्वांत उत्तम भाग. २०१८पासून कागदांचे गठ्ठे कस्टम हाउसमध्ये नेणं बंद झालं. प्रत्येक कागद डिजिटल सहीसह पीडीएफ करून चढवायचा, त्याला आयआरएन हा ओळख क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक बिल ऑफ एंट्रीत टाकायचा. चुका होतात त्या कागदाचा प्रकार निवडताना. इन्व्हॉइसचा कोड ३८००००, पॅकिंग लिस्टचा २७१०००. घाईत सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये कोंबून इन्व्हॉइसच्या कोडखाली चढवले, तर असेसमेंट करणाऱ्याला पॅकिंग लिस्ट दिसत नाही आणि पहिली क्वेरी, म्हणजे अधिकाऱ्याची विचारणा, तिथेच पडते. फाइलच्या आकाराला मर्यादा असते, म्हणून रंगीत स्कॅनऐवजी काळा-पांढरा स्वच्छ स्कॅन करावा. मोबाइलने काढलेला, कोपरे वाकडे आलेला फोटो चढतो खरा, पण त्यावरचे आकडे वाचता येत नाहीत.

फेसलेस असेसमेंट ८ जून २०२०ला बेंगळुरू आणि चेन्नईत सुरू झालं आणि ३१ ऑक्टोबर २०२०पर्यंत देशभर लागू झालं. न्हावा शेवाला उतरलेल्या मालाची फाइल आता चेन्नईचा किंवा कोलकात्याचा अधिकारी तपासू शकतो. ओळखीपाळखीने काम करून घेण्याची सवय यामुळे मोडली, हा मोठाच फायदा आहे. तोटा असा की टेबलासमोर उभं राहून माल समजावून सांगता येत नाही. जे सांगायचं ते वर्णनाच्या रकान्यात लिहिलेलं हवं.

उदाहरण घेऊ. भोसरीचा कारखाना पंपांचे सुटे भाग मागवतो आणि बिलावर लिहितो ‘मशिनरी पार्ट्स’. अधिकाऱ्यासमोर एवढेच दोन शब्द आहेत. कोणत्या यंत्राचे भाग, कोणत्या धातूचे, वर्गीकरण पंपांच्या ८४१३ या शुल्क-शीर्षाखालीच का, हे तो विचारणारच. आयातदार उत्तरादाखल चाळीस पानांचा कॅटलॉग चढवतो, त्यात नेमका मॉडेल क्रमांक कुठे आहे ते दाखवत नाही, आणि दुसरी क्वेरी येते. त्याऐवजी सुरुवातीलाच ‘सेंट्रिफ्युगल पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, स्टेनलेस स्टील ३१६, अमुक मॉडेल’ असं लिहिलं आणि कॅटलॉगचं फक्त संबंधित पान खूण करून जोडलं, तर फाइल बहुधा एका बैठकीत निघते. वर्णन इन्व्हॉइसवरच नीट यायला हवं, म्हणून ऑर्डर देतानाच पुरवठादाराला हा मजकूर पाठवावा. मालाचं नेमकं स्वरूप आयातदारालाच पक्कं ठाऊक नसेल, तर फर्स्ट चेक मागावा, म्हणजे आधी तपासणी आणि मग असेसमेंट. त्यात एखादा दिवस जातो, पण चुकीच्या घोषणेचा दंड टळतो.

फाइल एका कामकाजाच्या दिवसापेक्षा जास्त अडकली, तर आइसगेटवर निनावी पाठपुराव्याची सोय आहे. ती फार कमी लोक वापरतात. तक्रार केली तर अधिकारी चिडतील ही भीती जुन्या पद्धतीतली आहे. इथे अधिकाऱ्याला तक्रार कोणाची ते कळत नाही.

सवलतीच्या दराने, म्हणजे आसियानसारख्या करारांखाली माल आणणाऱ्यांसाठी २१ सप्टेंबर २०२०पासून कॅरोटार, म्हणजे मालाचा मूळ देश सिद्ध करण्याचे, नियम आहेत. मूळ देशाचं प्रमाणपत्र पुरवठादाराने दिलं म्हणून जबाबदारी संपत नाही. त्या देशात मालावर किती मूल्यवाढ झाली याची माहिती आयातदाराकडे आधीच असावी लागते. ती मागितल्यावर जमवायला निघालं तर माल अडकतोच.

आता जिथे गुण कमी पडले तिकडे वळू. सिंगल विंडो म्हणजे स्विफ्ट १ एप्रिल २०१६ला आली. एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण), प्लांट क्वारंटाइन, अ‍ॅनिमल क्वारंटाइन (वनस्पती आणि प्राण्यांमधून रोग येऊ नयेत म्हणून तपासणारी खाती), औषध नियंत्रक अशी खाती एकाच बिलाशी जोडली गेली. अर्ज एकाच ठिकाणी होतो, पण नमुना घेणं, प्रयोगशाळा आणि निकाल हे ज्याच्या त्याच्या गतीने चालतं. खिडकी एक झाली तरी तिच्यामागची माणसं वेगवेगळ्या इमारतींत आहेत. म्हणून खाद्यपदार्थ आणणाऱ्यांनी दोन गोष्टी माल भरण्याआधीच तपासाव्यात. एक, आयातीच्या वेळी उरलेला टिकाऊपणा: ६० टक्के किंवा तीन महिने, यांपैकी जे कमी ते तरी शिल्लक हवं. दोन, लेबल. आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचं बोधचिन्ह व परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण राहिली असेल तर कस्टम्सच्या ताब्यातल्या गोदामात न निघणारा स्टिकर लावून ती दुरुस्त करता येते. घटकांची यादी किंवा उत्पादनाची तारीखच नसेल तर दुरुस्ती नाही, माल परत. खेळण्यांना १ जानेवारी २०२१पासून बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण सक्तीची आहे. परदेशी कारखान्याकडे बीआयएसचा परवाना नसेल तर इथे कितीही धावपळ केली तरी उपयोग नाही.

डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरीत (डीपीडी) कंटेनर सीएफएसला न जाता थेट टर्मिनलवरून उचलता येतो. एक उचल-ठेव, एक फेरी आणि सीएफएसचं भाडं वाचतं. अट ४८ तासांची. तेवढ्यात कंटेनर उचलला नाही तर तो सीएफएसकडे ढकलला जातो आणि वाचलेला खर्च वाढीव होऊन परत येतो. इथे घोटाळा बहुतेकदा कस्टम्सचा नसतो. आउट ऑफ चार्ज मिळालेला असतो, पण शिपिंग लाइनचा डिलिव्हरी ऑर्डर (माल देण्याची परवानगी) निघालेला नसतो, कारण स्थानिक आकार भरायचे राहिलेले असतात. किंवा ट्रेलर सांगितलेलाच नसतो. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांचे कागद सुटतात आणि सगळ्यांना एकदमच गाड्या हव्या असतात. करळ फाट्यापासून रांग लागते ती अशी. कस्टम्सचं काम चोवीस तास चालतं, पण कारखान्यात माल उतरवून घ्यायला रात्री माणूस नसेल तर त्या चोवीस तासांचा फायदा कोणाला? ज्यांच्याकडे रात्री उतरवायची सोय आहे त्यांनी डीपीडी जरूर घ्यावी. बाकीच्यांनी आधी गोदामाची वेळ बदलावी.

निर्यातीची बाजू तुलनेने सुटसुटीत आहे. कारखान्यात भरलेल्या कंटेनरला आरएफआयडी ई-सील (रेडिओ-लहरींनी वाचता येणारं सील) लावायचं, सीलचा क्रमांक शिपिंग बिलाशी, म्हणजे निर्यातीच्या घोषणापत्राशी, जोडायचा, पार्किंग प्लाझात सील आणि कागद जुळले की लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल निर्यात करायची परवानगी, मिळते. फॉर्म १३ या प्रवेशपत्रावर गाडी टर्मिनलच्या गेटात जाते. सील क्रमांक टाकताना एक आकडा चुकला की गाडी बाजूला लागते आणि जहाजाची कट-ऑफ वेळ (कंटेनर पोहोचवायची शेवटची वेळ) हुकते. सील लावल्यावर त्याचा फोटो काढून त्यावरूनच क्रमांक टाइप करावा.

आयजीएसटीचा, म्हणजे निर्यातीवर भरलेल्या एकात्मिक जीएसटीचा, परतावा अडकला तर आइसगेटवर शिपिंग बिलाची स्थिती पाहावी. एसबी००० म्हणजे सगळं जुळलं. एसबी००५ म्हणजे शिपिंग बिलावरचा इन्व्हॉइस क्रमांक आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातला क्रमांक वेगळा. सर्वांत जास्त सापडणारी चूक हीच, आणि तीही बहुतेकदा एका तिरप्या रेघेची किंवा शून्याची असते. एसबी००३ असेल तर जीएसटी क्रमांक जुळत नाही. नागपूरच्या अंतर्देशीय डेपोतून माल पाठवणाऱ्यांना एसबी००६ दिसतो. माल निघून गेलेला असतो, पण न्हावा शेवातल्या गेटवे ईजीएमशी, म्हणजे जहाजाने नेलेल्या निर्यात मालाच्या यादीशी, नोंद जुळलेली नसते. अशा वेळी डेपोच्या कस्टम्सकडे खेटे घालण्याआधी शिपिंग लाइनला ईजीएम क्रमांक आणि तारीख लेखी विचारावी. चूक तिथेच दुरुस्त होते.