जुना लोहमार्ग शोधताना: कंपनीचा नकाशा की सर्वेक्षणाचा?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी प्रादेशिक रेल्वेचा माग काढायचा, तर नकाशा कुठला घ्यावा: रेल्वे कंपनीने छापलेला की सरकारी सर्वेक्षणाचा? स्कॅन दोन्हींचे फुकट मिळतात: कंपन्यांचे बरेचसे अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) ग्रंथालयात, सर्वेक्षणाचे यूएसजीएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेकडे.

अचूकतेत कंपनीचा नकाशा लंगडा. स्वतःची लाइन जाड आणि सरळ, प्रतिस्पर्ध्याची बारीक किंवा गायबच. कधी न बांधलेला फाटाही बांधल्यासारखा दाखवलेला. (शेवटी ती जाहिरातच!) स्थानकांची तेव्हाची नावं मात्र इथेच सापडतात.

यूएसजीएसच्या १:६२,५०० प्रमाणाच्या नकाशावर इंचाला साधारण मैल. वळणं, चढ सगळं मोजता येतं. फक्त समासातलं सर्वेक्षणाचं साल पाहा, छपाईचं नव्हे. १८७९ पूर्वीचं इथे काही नाही.

स्थानकांची नावं हवीत तर कंपनीचा. उखडलेला मार्ग जमिनीवर शोधायचा तर सर्वेक्षणाचा.