भाड्याचं क्लाउड की घरचा सर्व्हर? साठ खाटांच्या रुग्णालयासाठी

नाशिकमध्ये साठेक खाटांचं खासगी रुग्णालय असेल आणि केसपेपरच्या गठ्ठ्यांतून सुटायचं असेल, तर दोन वाटा आहेत. एक, महिन्याच्या भाड्यावर मिळणारं क्लाउड सॉफ्टवेअर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर असलेलं आणि इंटरनेटवरून वापरायचं. दुसरी, बहमनीसारखी मुक्त (ओपन सोर्स) रुग्णालय प्रणाली आपल्याच सर्व्हरवर बसवणं. सीडॅक आणि एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थांची ई-सुश्रुत आणि ई-हॉस्पिटल ही सॉफ्टवेअरं मुख्यतः सरकारी रुग्णालयांसाठी आहेत, म्हणून ती इथे घेत नाही.

क्लाउड लवकर सुरू होतं. नोंदणी, बिलिंग, टीपीएची (विम्याचे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीची) कागदपत्रं यांत ते सहसा सरस असतं आणि बॅकअपची काळजी कंपनी घेते. पण पावसाळ्यात नेट गेलं की कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला पेशंटची अॅलर्जी कुठे दिसणार? त्याहून मोठा प्रश्न सोडतानाचा. मी पूर्वी काम करत होतो तिथे कंपनी बदलली, तेव्हा जुन्या सगळ्या नोंदी पीडीएफमध्ये हातात पडल्या. कुणाला कोणतं औषध चालू होतं, हे शोधायला एकेक फाइल उघडावी लागली. डेटा कोणत्या रूपात परत मिळेल, हे करारात लिहून घ्या.

बहमनी छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जनस्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी घडली. केसपेपरला ओपनएमआरएस, लॅबला ओपनएलिस, बिलिंगला ओडू, अशी ती जोडलेली आहे. परवान्याचे पैसे नाहीत, पण सर्व्हर, यूपीएस आणि तिच्यामागे बसणारा एक माणूस हवाच. नेट गेलं तरी आतल्या नेटवर्कवर काम चालू राहतं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते आपले फॉर्म आपण बनवणं. सुरगाणा-पेठहून येणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलाचं हिमोग्लोबिन, हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा डोस, रक्त किती वेळा चढवलं, हे सगळं डॉक्टरला एका नजरेत दिसलं पाहिजे. तयार सॉफ्टवेअरमध्ये असा बदल बहुधा कंपनीच्या मर्जीवर असतो.

‘आमचं सॉफ्टवेअर आभाशी (केंद्र सरकारच्या डिजिटल आरोग्य खात्याशी) जोडलेलं आहे’ एवढ्या कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. या जोडणीच्या एम-वन, एम-टू, एम-थ्री या टप्प्यांपैकी कुठवर पोचलात, ते विचारा. एम-वन म्हणजे फक्त १४ अंकी आभा क्रमांक काढणं-पडताळणं. पेशंटच्या संमतीने दुसरीकडच्या नोंदी पाहायच्या तर एम-थ्री लागतं. २०२७ च्या सिंहस्थात परगावचे आजारी भाविक येतील, तेव्हा हा फरक जाणवेल. शिवाय पेशंटने मागितलेले कागद ७२ तासांत द्यावेच लागतात.

डेमो मात्र संचालकांच्या केबिनमध्ये नको. रात्रपाळीच्या सिस्टरला बसवा, तातडीची अॅडमिशन द्या आणि ड्रग चार्टवर पहिला डोस चढायला किती मिनिटं लागतात ते मोजा. कागदापेक्षा जास्त लागली तर त्या नोंदी पहाटे, आठवेल तशा भरल्या जातील.

संगणकाचा पूर्णवेळ माणूस ठेवणं जमणार नसेल, तर क्लाउडच घ्या, डेटापरतीच्या कलमासह. असा माणूस असेल आणि वर्षानुवर्षं येणारे पेशंट जास्त असतील, तर मी बहमनी घेईन. सुरुवात एकाच वॉर्डपासून करीन आणि तिथे महिनाभर कागदही सोबत ठेवीन.