बोर्ड करायचा तर इथंच, लई भारी काम

बिंदू चौकाच्या मागच्या गल्लीत हातानं अक्षर काढणाऱ्या पेंटर काकांचं छोटं दुकान आहे. २६ जूनच्या शाहू जयंतीला तालमीसाठी बोर्ड करून घेतला, काम एक नंबर. आधी दुसऱ्या एका ठिकाणी फ्लेक्स टाकला होता तर तिथं राजर्षीचं चक्क राजश्री करून दिलं, आपल्या कोल्हापुरात असं बघून डोकंच फिरलं राव.

काकांनी मात्र ब्रश हातात घ्यायच्या आधी सगळं नीट समजावून सांगितलं की राजश्री म्हणजे पत्राच्या मायन्यात कुणालाही लावायचा मान आणि राजर्षी म्हणजे राजन् अधिक ऋषी, गादीवर बसून ऋषीसारखं जगणारा, जुन्या ग्रंथात जनकाला म्हणतात तसा. आणि ही पदवी महाराजांनी स्वतः लावून घेतली नाही, १९१९ ला कानपूरला कुर्मी समाजानं, म्हणजे तिकडच्या शेतकरी समाजानं दिली. १९०२ लाच महाराजांनी मागासवर्गीयांना नोकरीत ५० टक्के जागा ठेवल्या होत्या, मग एवढ्या लांबच्या लोकांना हा शब्द सुचला यात नवल काय!

र्षी वरचा रफार काकांनी शेवटी काढला, श्वास रोखून, बारीक ब्रशनं, एका फटक्यात. पिवळ्यावर काळा रंग, लांबनं पण झकास दिसतोय.

फ्लेक्सपेक्षा महाग पडतं आणि वेळ लागतो, जयंतीच्या तोंडावर जाऊ नका, गर्दी असते. ऑनलाईन पेमेंट घेत नाहीत, कॅश न्या.