बदलून देतो म्हणाला आणि पुरावाच उचलून नेला
किचनचं काम ज्या फर्निचर कॉन्ट्रॅक्टरला दिलं, त्याच्या कोटेशनमध्ये सगळीकडे मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा, आयएस 710 मानकाचा, असं लिहिलेलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालची शटरं फुगली. एक बिजागरी निखळली तेव्हा आतल्या बाजूला शिक्का दिसला, आयएस 303. म्हणजे मरीन नव्हेच. नणंदेनं लगेच तिच्या फोनवर फोटो काढला.

फोन केला तर माणूस लोण्याहून मऊ. "ताई, पोरांनी घोळ केला, सगळं बदलून देतो." दुसऱ्याच दिवशी टेम्पो दारात. शटरं, बॉक्स, पाठीच्या फळ्यासुद्धा उतरवून नेल्या. भंगार एवढं निगुतीनं कोण नेतं? त्याच संध्याकाळी चॅटमध्ये बारीक करड्या अक्षरांत ओळ आली, यापुढचे मेसेज 7 दिवसांनी गायब होतील. सेटिंग त्यानंच बदललेली. "चूक आमची, नवीन माल पुढच्या आठवड्यात" हे सगळं त्यानंतर लिहिलं गेलं आणि आपोआप पुसलंही गेलं.

माल आला नाही, म्हणून दावा लावला. त्याची लेखी कैफियत अशी: प्लाय कोटेशनप्रमाणेच होता, वादीला रंग आवडला नाही म्हणून तिनंच काढायला लावला!

जवळचा पुरावा कोणी दडवला, तर तो त्याच्या विरोधातच गेला असता, असा तर्क कोर्ट काढू शकतं. पूर्वी हे साक्ष कायद्याच्या कलम 114 मध्ये होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 119 मध्ये आहे. पण 'शकतं', काढेलच असं नाही. शिवाय वस्तू होती आणि ती त्याच्याकडे गेली, हे आधी आपणच दाखवायचं. सोसायटीच्या सीसीटीव्हीत जुन्या चित्रीकरणावर नवं चढलेलं. वॉचमनच्या वहीत मात्र टेम्पोचा नंबर आणि वेळ सापडली.

उरला तो फोटो. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून गाजलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये स्पष्ट केलं, की मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र नको, प्रत दिली तर हवंच. आता ते साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63(4) खाली द्यावं लागतं. नणंदेला नवा फोन घ्यायचाय, पण जुना एक्स्चेंजमध्ये द्यायला वकीलसाहेबांनी साफ मनाई केली आहे.

कोणी 'फुकट बदलून देतो' म्हणत खराब माल न्यायला आला, तर काय काय नेलं त्याची यादी करून त्याची सही घ्या. सही देत नसेल तर माल हलू देऊ नका. वकिलाच्या नोटिशीत माल, मोजमापाची वही, प्लायची खरेदी बिलं आणि चॅट जपून ठेवा, असं नावानिशी लिहायला सांगा. दाव्यासोबतच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 नियम 9 खाली जागेवर पाहणी करणारा कोर्ट कमिशनर नेमण्याचा आणि आदेश 39 नियम 7 खाली वस्तू जतन करण्याचा अर्ज करता येतो. आमच्याकडे कमिशनरला दाखवायला नुसती भिंत आणि स्क्रूची भोकं होती.